नऊ पॉइंट आठ

"मॅडम, आज चेंडू लई सावकाश पडतोय."

दीपक पिसाळनं तिसऱ्या पडद्यावरून मान वळवून हे म्हटलं, तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी त्याच्यावर डोळे वटारले. परीक्षेत तोंड उघडायचं नाही, हे सकाळपासून दहा वेळा बजावलं होतं.

"व्होल्टेज कमी असेल," मी दबक्या आवाजात म्हणाले. "तू तुझं लिही."

त्यानं मान डोलावली आणि लिहायला लागला. आमच्या माण भागात व्होल्टेज कमी असणं ही काही बातमी नव्हती. फेब्रुवारी लागला की पंखेसुद्धा जांभया देत फिरायचे. आता मी पडले बी.एससी., बी.एड. संगणक कमी व्होल्टेजवर सावकाश चालत नसतो, चालतो नाहीतर बंद पडतो, एवढं मला कळायला नको होतं? पण त्या दिवशी माझं लक्ष पोरांकडे नव्हतंच. माझं सगळं लक्ष होतं कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या गलांडे सरांकडे.

गलांडे सर पुण्याहून आले होते. कॉलेजात पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं इतकं कमी की समोरच्याला घाम फुटावा. ज्या प्रतिष्ठाननं आमच्या शाळेला एक मुख्य संगणक आणि त्याला जोडलेले बारा पडदे दिले होते, त्यांनीच त्यांना परीक्षक म्हणून पाठवलं होतं. दहावीच्या बारा पोरांतून एक निवडायचं. जो निवडला जाईल त्याची अकरावी-बारावी पुण्याला. वसतिगृह, जेवणखाण, पुस्तकं, सगळं त्यांचं.

परीक्षा काय, तर पडद्यावर एक मनोरा. त्याला मीटरच्या खुणा. वर एक लाल चेंडू. उंची निवडायची, 'सोडा' दाबायचं, चेंडू जमिनीला टेकला की घड्याळ थांबवायचं. पाच वेळा वेळ मोजायची, सरासरी काढायची आणि तिच्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं. खरं सांगू का, तो प्रोग्राम आला आणि माझी शिकवायची तऱ्हाच बदलली. त्याआधी मी फळ्यावर सूत्र लिहून मोकळी व्हायचे. एकदा शाळेच्या गच्चीवरून खरा चेंडू टाकून बघितला होता, तर घड्याळाचं बटण दाबेपर्यंत तो उसळून बांधावरच्या बाभळीत गेला होता. पडद्यावर मात्र पोरं एकच चेंडू पन्नास वेळा टाकायची. जड दगड आणि हलका बॉल एकदम जमिनीवर आले की ओरडायची. "परत, मॅडम, परत!"

त्यात कांचन मदने सगळ्यात पुढं. शाळा सुटल्यावर बाकीची घरी पळायची, ही बसून राहायची. तिचे वडील बबनराव पाण्याचा टँकर चालवायचे. सकाळी आठला तिला शाळेच्या फाटकाशी सोडायचे आणि संध्याकाळी शेवटची खेप संपली की न्यायचे. मधला रिकामा वेळ ती त्या खोलीत घालवायची. या परीक्षेसाठी तिचं नाव दिलं, तेव्हा बबनराव टँकर चालू ठेवूनच माझ्याशी बोलले होते.

"बाई, लागलं तर जाऊ दे पुण्याला. न्हाई लागलं तर गावात शिवणक्लास हाय. अकरावीला रोज साताऱ्याला सोडणं मला व्हायचं न्हाई."

म्हणजे कांचनसमोर दोनच वाटा होत्या, आणि दोन्हींचा फाटा त्या दिवशी त्या खोलीत फुटत होता.

बाराला पाच कमी असताना मी कागद गोळा केले आणि गलांडे सरांसमोर ठेवले. मुख्याध्यापक पाचंगे सर हात मागे बांधून शेजारी उभे राहिले. गलांडे सर एकेक कागद उलटत गेले. नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट सात. नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट नऊ. पाचंगे सरांची छाती कागदागणिक फुगत होती. मला म्हणाले, "छान तयारी करून घेतलीत हो, तावरे मॅडम." माझं शिक्षणसेवकाचं तिसरं वर्ष. कायम करण्याचा प्रस्ताव त्यांच्याच टेबलावर. मला हायसं वाटलं.

मग गलांडे सरांचा हात थांबला.

"कांचन मदने कोण?"

ती उभी राहिली.

"तीन पॉइंट सात?"

"हो सर."

कुणीतरी फिसकन हसलं. पाचंगे सरांची छाती खाली बसली. "अगं ए, तीन पॉइंट सात? आख्ख्या वर्गाला नऊ पॉइंट आठ येतंय आणि तुझं काय तिसरंच? झोपली होतीस का?"

"सर, तेवढंच येतंय."

गलांडे सरांनी तिची पाचही रीडिंगं नीट वाचली. एकेकावर पेनाचं टोपण टेकवत वाचली. मग कागद बाजूला ठेवला आणि घड्याळ बघितलं. "जेवण करून येतो. तोंडी प्रश्न नंतर घेऊ. हिला वाटलं तर तोवर पुन्हा करून बघू दे."

पाचंगे सर त्यांना घेऊन गेले. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "सगळ्यांत शेण खाल्लं या पोरीनं. बघा तेवढं."

अकरा पोरं डबे घेऊन व्हरांड्यात गेली. खोलीत मी आणि कांचन.

"काय गं हे?" मी सुरुवातच तापून केली. "नऊ पॉइंट आठ येतं हे तुला माहीत नाही? झोपेत विचारलं तरी सांगशील तू!"

"माहीत आहे मॅडम."

"मग?"

"पण आलं नाही ना. पाच वेळा केलं. मग आणखी दोनदा केलं, ते लिहिलं नाही."

"मग आठव्यांदा कर."

"तुम्ही बघा की, मॅडम," ती म्हणाली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच कुणीतरी बघायला हवं होतं.

मी तिच्या मागे उभी राहिले. तिनं उंची वीस मीटर ठेवली, एक बोट 'सोडा'वर, दुसरं घड्याळावर. चेंडू सुटला.

आणि मला दिसलं. वीस मीटरवरून चेंडूला दोन सेकंद लागतात, त्या दोन सेकंदांची माझ्या डोळ्यांना सवय झाली होती. हा चेंडू दोन सेकंद झाले तरी निम्म्याच्याही वरच. मग आरामात उरलेला मनोरा उतरला आणि टेकला. तीन पॉइंट तीन.



"तू इथंच थांब," मी म्हणाले आणि माझ्या टेबलावरच्या मुख्य मशीनकडे गेले. त्या प्रोग्राममध्ये चेंडू कुठल्याही ग्रहावर टाकता यायचा, आणि कोणता ग्रह घ्यायचा ते त्या मशीनवरूनच ठरायचं, सगळ्या पडद्यांसाठी एकदम किंवा एकेकासाठी वेगळं. पोरांच्या पडद्यावर ते दिसत नसे. मी ग्रहांची यादी उघडली. पृथ्वीपुढची खूण रिकामी होती. खूण मंगळापुढे होती, आणि तीही सगळ्या पडद्यांसाठी.

हौसा मावशी!

आदल्या दिवशी संध्याकाळी मी सगळी मशीनं तपासत होते आणि आमच्या शिपाई हौसा मावशी केर काढत होत्या. त्यांच्या सुरेखाचं जमत आलेलं लग्न नुकतंच मोडलं होतं. पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून. केरसुणी हातात धरून त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"म्याडम, ह्यात म्हणं समदे ग्रह हायेत?"

"आहेत की."

"मग त्यो मंगळ दाखवा बरं. माझ्या लेकीच्या बोकांडी बसलाय, बघू तर दे कसा हाय."

मी हसत मंगळ लावला आणि चेंडू सोडून दाखवला. मावशी डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता स्वतः टाकते." त्यांनी तो चेंडू दहा-बारा वेळा टाकला असेल. शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बया! ह्यो तर आपल्यापरीस अलगद खाली ठेवतोय की! आन् त्या भटजीनं उगं माझ्या पोरीला बदनाम केलं!" आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग दिवे गेले, मी पर्स उचलली आणि घरी गेले. मशीन बॅटरीवर तसंच चालू राहिलं. सकाळी मी फक्त पडदे लागलेत ना, तेवढं बघितलं.

म्हणजे बाराही पोरं सकाळपासून मंगळावर चेंडू टाकत होती. कांचनचं उत्तर अचूक होतं.

मला आधी हसूच फुटणार होतं. घोटाळा माझा, पोरगी बरोबर, धावत जायचं आणि सरांना सांगायचं, झालं! मी दारापर्यंत गेलेसुद्धा. टेबलावर ते बारा कागद होते. वरच्याच कागदावर दीपकचं अक्षर. दोन पॉइंट शून्य एक, दोन पॉइंट शून्य तीन, दोन पॉइंट शून्य दोन.

मी दारातच थांबले.

मंगळावर अकरा पोरांना नऊ पॉइंट आठ कसं आलं?

कसं आलं ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार! आठच दिवसांपूर्वी मी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "हे बघा, उत्तर नऊ पॉइंट आठ यायला पाहिजे. हात चुकतो, घड्याळ चुकतं, परीक्षकाला त्याचं काही नसतं. म्हणून आधी उत्तर धरायचं, उलटं गणित करायचं आणि वेळ काढायची. आणि पाचही आकडे सारखे लिहू नका, संशय येतो. थोडं इकडंतिकडं करा." माझ्या कॉलेजात आम्ही तीन वर्षं हेच केलं होतं. आमच्या आधीच्यांनी केलं होतं. जर्नल त्याशिवाय पुरं होतच नसे. ते सांगताना मला पाप केल्यासारखं वाटलं नाही, पोरांना चार युक्तीच्या गोष्टी शिकवल्यासारखं वाटलं.

तेव्हा कांचननं विचारलं होतं, "मग मॅडम, चेंडू टाकायचा कशाला?" आणि मी म्हणाले होते, "जास्त शहाणपणा नको."

आता काय करू? खरं सांगितलं तर कांचन सुटणार. पण त्याच क्षणी बाकीची अकरा पोरं खोटी ठरणार, परक्या माणसासमोर, आणि ती खोटी कुणामुळे हेही निघणार. पाचंगे सरांच्या टेबलावरचा तो प्रस्ताव माझ्या डोळ्यांपुढं आला. घरी सासऱ्यांनी माझ्या नोकरीचे पेढे आधीच वाटले होते तेही आठवलं. बाहेर दीपक आणि सगळे डबे उघडून हसत होते. त्यांतल्या चार जणांच्या घरी कांचनच्या घरापेक्षा बरं नव्हतं.

आणि मग मला सोपी वाट दिसली. इतकी सोपी, की मला आधी का सुचली नाही याचंच नवल वाटलं. मी मागे फिरले, मंगळापुढची खूण काढली, पृथ्वीपुढे केली. एका बोटाचं काम.

"कांचन, आता कर बरं पुन्हा."

तिनं चेंडू सोडला. चेंडू सण्णकन खाली आला. ती दचकली, घड्याळाचं बटण उशिरा दाबलं. पुन्हा केलं. दोन पॉइंट शून्य दोन. पुन्हा. दोन पॉइंट शून्य एक.

"मॅडम, मघाशी तीनच्या वर लागत होते."

"तुझा हात चुकला असेल."

"पाचही वेळा?"

"हो."

"तुम्ही बघितलंत ना पण आत्ता? तुमच्यासमोर आलं की!"

मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मी नीट नाही बघितलं. तुझाच हात चुकत होता, कांचन. लिही आता नवीन आणि सुटका करून घे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं उजव्या हाताची बोटं उलटीसुलटी करून बघितली. खरंच बघितली हो, जणू त्यांत काही दोष दिसेल. मग टेबलावरून आपला कागद आणला, खोडरबर घेतला आणि आपली पाचही रीडिंगं खोडली. कागद फाटू नये म्हणून डाव्या हातानं दाबून धरून, सावकाश, नीट खोडली.

"माझंच चुकलं असणार," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय म्हणजे."

मला वाटलं, मिटलं. कुणाचं काही वाईट झालं नाही. बारा पोरं, बारा वेळा नऊ पॉइंट आठ. मी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

साडेबाराला गलांडे सर परत आले. पाचंगे सर मागे, तोंडात बडीशेप. कांचनचा खोडून पुन्हा लिहिलेला कागद वर ठेवला होता. गलांडे सरांनी तो घेतला, चष्मा वर सरकवला.

"कांचन, इकडे ये. आता नऊ पॉइंट आठ आलं?"

"हो सर."

"मघाशी तीन पॉइंट सात का आलं होतं?"

"हात चुकला सर."

"पाच वेळा?"

"हो सर."

"हात चुकला तर दर वेळी निराळा चुकतो, बाळ. कधी जास्त, कधी कमी. तुझी पाचही रीडिंगं एका जागी होती. मी वाचली ती." त्यांनी चष्मा काढला. "तीन पॉइंट सात कुठे असतं, माहीत आहे?"

कांचननं मुख्य मशीनकडे बघितलं. मग तिचा चेहरा बदलला. मला तो बदल दिसला.

"मंगळावर," ती म्हणाली.

"बरोबर. म्हणजे तुझ्या मशीनवर मंगळ होता. तो तिथे कुणी आणला?"

पाचंगे सर एकदम पुढे झाले. "सर, मी सांगतो. ही पोरगी रोज सकाळी आठला येते. मावशीकडून किल्ली घेते आणि एकटी बसते इथं. हिनंच मशीनशी खेळ केलाय. मग अंगलट आलं, तसं गुपचूप बदललं."

"मी नाही केलं सर." कांचनचा आवाज पार आत गेला होता.

"आज सकाळी इथे होतीस?" गलांडे सरांनी विचारलं.

"होते. पण मुख्य मशीनला हात नाही लावला."

"अकरा जणांना नऊ पॉइंट आठ, तुला एकटीला मंगळ. आणि अर्ध्या तासात तो मंगळ गेला. मशीन आपलं आपण तर बदलत नाही. तुझा हात चुकला, असं तुला कुणी सांगितलं?"

आता ती माझं नाव घेणार. मी डोळे मिटले.

"कुणी नाही सर," कांचन म्हणाली. "मीच म्हणतेय."

अजूनही ते वाक्य आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. सोळा वर्षांची पोर! मी तिच्या तोंडावर खोटं बोलले होते, ते आता तिला कळलं होतं. आणि तरी ती मला पाठीशी घालत होती.

गलांडे सरांनी खिशातलं पेन काढलं. "मशीनशी छेडछाड असेल तर मला नाव कमी करावं लागेल. आणि तसा शेरा लिहावा लागेल. शाळेच्या दप्तरातही तो राहील." त्यांना ते आवडत नव्हतं, हे दिसत होतं. तरी त्यांनी टोपण काढलं आणि यादी जवळ ओढली.

"सर, थांबा."

हे मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"मंगळ मी लावला होता. काल संध्याकाळी. आणि बदलायला विसरले."

पाचंगे सरांनी सुटकेचा श्वास सोडला. "अहो मग बोलायचं ना! झाली चूक. माणूस आहे, विसरतं. सर, प्रश्न मिटला."

पण गलांडे सर हलले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोक्यात हिशेब चालू होता.

"काल लावला. मग आज सकाळी पृथ्वी कुणी केली?"

"कुणीच नाही."

"म्हणजे अकरा वाजता..."

"सगळेच मंगळावर होते, सर. बाराही जण."

त्यांनी ते अकरा कागद पुन्हा हातात घेतले. पत्त्यांसारखे टेबलावर पसरले. नऊ पॉइंट आठ, नऊ पॉइंट सात, नऊ पॉइंट आठ. खिडकीत व्हरांड्यातल्या पोरांची डोकी गोळा झाली होती, आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"हे कुणी शिकवलं यांना?"

"मी."

"तावरे मॅडम!" पाचंगे सर जवळजवळ ओरडलेच. "काय बोलताय तुम्ही, शुद्धीवर आहात का? शाळेची अब्रू..."

"मी शिकवलं," मी म्हणाले. आता थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. "उलटं गणित करायला मीच सांगितलं. पोरांनी मी सांगितलं तसं केलं. त्यांचा दोष नाही. आणि मघाशी, तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मला कळलं. मी मंगळ काढला, पृथ्वी केली, आणि हिला सांगितलं, तुझा हात चुकला."

 बाहेर दीपक मुसमुसायला लागला होता. कांचनकडे बघायचा मला धीर होईना.

गलांडे सर उठले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मीही कॉलेजात असंच केलंय, मॅडम. पण मला कुणी बरोबर माप घेणारं भेटलं नाही, म्हणून निभावलं." मग त्यांनी दार उघडलं. "पोरांनो, आत या. सगळ्यांना कोरे कागद देतोय. आता ग्रह मी लावणार आहे. कोणता, ते मला एकट्यालाच माहीत."

पुढचं सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. जागा कांचनलाच मिळाली. जूनमध्ये बबनरावांनी तिची पेटी टँकरच्या केबिनमध्ये घालून एस.टी. स्टँडवर नेली. मला कायम व्हायला एक वर्ष जास्त लागलं. पाचंगे सर निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलले. दीपकनं त्या दिवशी पंधरा पॉइंट सहा लिहिलं. सपशेल चुकलं होतं, पण त्यानं ते स्वतः मोजलं होतं. या सगळ्याचं मला काही वाटत नाही आता.

पण त्या दुसऱ्या परीक्षेतली एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही.

गलांडे सर माझ्या मशीनपाशी पाठ करून बसले होते. पोरांना धरून ठेवायला कुठलंच उत्तर नव्हतं. सगळी एकमेकांकडे, माझ्याकडे, पुन्हा पडद्याकडे बघत होती. या वेळी चेंडू दगडासारखा कोसळत होता. दोन बोटांचा मेळ बसेपर्यंत टेकलेला असायचा. पोरं पुन्हापुन्हा टाकत होती.

कांचनचं सगळ्यांच्या आधी झालं. पाच रीडिंगं, सरासरी, भागाकार, सगळं स्वच्छ. कच्च्या कागदावर तिनं उत्तर काढलेलं मला लांबूनही दिसत होतं, चोवीस पॉइंट आठ. गुरू ग्रह. अगदी तंतोतंत. पण मूळ कागदावर उत्तराची जागा कोरीच होती. एक मिनिट झालं, दोन झाली. तिनं पुन्हा चेंडू टाकला, पुन्हा तेच आलं. पुन्हा टाकला. पहिल्या वेळी सात रीडिंगांत जिची खात्री पटली होती, ती पोरगी आता चौदाव्यांदा चेंडू टाकत होती.

मग तिनं हात वर केला. मी जवळ गेले. तिनं कच्चा कागद माझ्याकडे सरकवला आणि आपल्या बोटांकडे बघत हळूच विचारलं,

"मॅडम, जे आलंय तेच लिहू का?"